भोवऱ्याची चाचणी

स्ट्रॉमनेसला डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मावळतो.
खिडकीबाहेरचा समुद्र दिसेनासा झाला
की मी स्क्रीनवरचा उघडते.
त्यात कायम दुपार. वारा कायम मागून.
चाचे एकमेकांना बुडवतात, पाणी नुसतं बघत राहतं
एखाद्या हॉटेलच्या तलावासारखं.

‘पाण्यालाही काही काम दे,’ कॅलम म्हणाला.
म्हणून नऊ आठवडे मी पाण्याला काम शिकवतेय:
ओहोटीला दात विचकणारे खडक,
शिडं टराटरा फाडणारी वावटळ, धुकं,
आणि एक भोवरा.
त्याचं समीकरण इतकं देखणं जमलं
की झोपेतही माझ्याभोवती गरगरत होतं.

कॅलमची एकच अट: वादळाने पुढच्यालाच गाठावं.
ज्याच्या पेटीत सोनं जास्त, त्याच्यावर आधी.
मागे पडलेल्यांनीही खेळात राहायला हवं ना.
मी तशी ओळ लिहिली. छोटीशी. चालली.

मग मन्सी रेंडलला बोलावलं.
वय एकाहत्तर, पैकी चोपन्न वर्षं
पेंटलंडच्या सामुद्रधुनीत शेवंडांचे पिंजरे उचलण्यात गेलेली.
माउस त्याने खेकडा धरावा तसा धरला, मागून, जपून.
दोनदा बुडाला. तिसऱ्यांदा चहा मागितला.
‘तुझा समुद्र हिशेबी आहे,’ म्हणाला.
‘आधी खिसे चाचपतो, मग बुडवतो.
हा सावकार झाला, पोरी.
आमचा तो कुणाला ओळखतसुद्धा नाही.’

‘आणि धुकं?’
‘डोळे बांधलेस, कान का मोकळे सोडलेस?
घंटा उजवीकडे वाजली की मला कळतंय, उजवीकडे.
खऱ्या धुक्यात ती सगळीकडून वाजते.
आपल्याच इंजिनाची धडधड दुसऱ्या कुणाची वाटते.’
एवढं बोलून तो बराच वेळ बिस्किट बुडवत राहिला.
ते तुटून कपात पडलं. चमच्याने त्याने शोधलं नाही.
मीही विचारलं नाही, कोणतं धुकं, कोणतं साल.

त्या रात्री ती ओळ खोडली.
धुक्यातल्या आवाजांचं डावं-उजवं काढून घेतलं.

शनिवारी चाचणीला चोवीस जण आले:
वाल्पाराइसोची एक दंतवैद्य, बुसानचे दोघे भाऊ,
‘तांबडी दाढी’ नावाचा कुणीतरी, बहुधा शाळकरी.
मी वर ढगात बसले, कुणाला न दिसणारी.

भोवरा जागा झाला तेव्हा
तांबड्या दाढीचं गलबत नेमकं कडेला होतं.
सोनं नव्हतंच त्याच्याकडे.
तोफा दोन, त्यातली एक फुटकी.
बुसानचे भाऊ तासभर त्याच्या मागावर होते,
नेमही धरून झाला होता.
बार उडाला नाही.
उडाला तो आकडा,
जो मी घडवला होता परक्या जहाजावर चढून
लुटायला. निव्वळ लुटायला.
तो रुतला. दोर ताणला. भावांनी शिडं उलटी फिरवली.
मग धुक्यातून दंतवैद्य आली, तिचाही आकडा आला.
ओढ, ओढ, असं तीन भाषांत कुणी कुणी लिहीत होतं,
घाईत, निम्मी अक्षरं गिळून.

माझ्या समीकरणात दोर नव्हताच.
तरी गलबत बाहेर आलं.
त्यानंतर चार मिनिटं कुणी कुणाला मारलं नाही.
पाचव्या मिनिटाला बुसानने त्याला बुडवलं, रीतसर.

सोमवारी कॅलमने बगांच्या यादीत टाकलं:
‘आकडा भोवऱ्यातून ओढून काढतो. ही चूक समजायची का?’
उत्तराची जागा मी कोरी ठेवलीय.
आधी मन्सीला दाखवायचंय.
तो सकाळीच पिंजरे उचलायला गेला,
दोनला पाणी फिरतं, त्याआधी येतो म्हणाला.

साडेतीन वाजून गेलेत.
धक्क्यावरचे दिवे कापसात गुंडाळल्यासारखे.
मी हेडफोन काढून खिडकी उघडते.
कुठलंसं इंजिन धडधडतंय.
कुठून, ते सांगता येत नाही.